ट्रेमध्ये अडकलेलं लग्न

गेल्या शनिवारी पुण्यातल्या तापकीर गल्लीत, दुरुस्तीच्या दुकानातल्या एका पोराने माझ्या हातातल्या डब्याकडे बघून विचारलं, "काका, इन्व्हर्टर आहे का?"

इन्व्हर्टर नव्हता. एचडी डीव्हीडी, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या तबकडीचा, प्लेअर होता. त्याच्या पोटात आमच्या लग्नाची डीव्हीडी अडकली होती आणि सोमवारी लग्नाला तीस वर्षं होत होती. बटण दाबलं की ट्रे घुर्र करायचा, बोटभर बाहेर यायचा आणि पाहुणे बघून परत आत जाणाऱ्या पोरासारखा आत जायचा.

हा प्लेअर मेहुण्याची कृपा. डिसेंबर २००७ मध्ये तो न्यू जर्सीहून आला तेव्हा सोबत घेऊन आला. "भावोजी, यापुढे जग हेच बघणार." तिकडे तो शंभर डॉलरच्या आत मिळत होता. एवढं स्वस्त का विकतायत, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. शिवाय तो ११० व्होल्टचा, म्हणून मी प्लेअरपेक्षा जड स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर विकत घेतला. मेहुण्याचं परतीचं विमान उतरतं न उतरतं तोच, ४ जानेवारी २००८ ला हॉलिवूडच्या वॉर्नर स्टुडिओने जाहीर केलं की आम्ही यापुढे फक्त ब्लू-रे, म्हणजे सोनीच्या बाजूची तबकडी, काढणार. १९ फेब्रुवारीला आमच्या बाजूच्या तोशिबाने एचडी डीव्हीडीच गुंडाळली. तारीख पक्की लक्षात आहे, शिवजयंतीची सुट्टी होती आणि बाहेर ढोल वाजत होते. आपल्यासाठीच वाजतायत असं वाटलं.

या दोघींचं भांडण तरी कशावरून? दोन्ही तबकड्या बारा सेंटिमीटरच्या. दोघींना वाचणारा लेझर निळसर, तोच, ४०५ नॅनोमीटरचा. फरक वरच्या पारदर्शक थराच्या जाडीत: एचडी डीव्हीडीला ०.६ मिलिमीटर, ब्लू-रेला ०.१. त्या पातळ थरामुळे ब्लू-रेच्या माहितीच्या एका थरात २५ जीबी मावायचे, आमच्यात १५. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा बांध. आपल्याकडे भावकी बांधावरून कोर्टात जाते तेव्हा शहाणी माणसं हसतात. इथे जपानातल्या कंपन्या तेच करत होत्या, फक्त सूट घालून.

असो. प्लेअर साधी डीव्हीडी वाजवायचा, म्हणून अठरा वर्षं तेवढ्यावर भागवलं.

पोरगं स्क्रू काढायला लागलं. दुकानात एकच बाकडं, त्यावर एक आजोबा आणि शेजारी त्यांची कापडी पिशवी. पिशवी बसली होती, मी उभा होतो.

"एचडी डीव्हीडी?" आजोबा म्हणाले. "म्हणजे हरलेली पार्टी."

मी हसलो. अनोळखी माणसाने अपमान केला की मी हसतो, ही जुनी खोड आहे.

"आम्ही बीटा," ते म्हणाले. गोत्र सांगावं तसं.

मग त्यांनी कुळकथा लावली. ८२ चं एशियाड, घरोघर रंगीत टीव्ही, साडूने मस्कतहून आणलेला व्हीसीआर, सोनीच्या बीटामॅक्स पद्धतीचा. आणि महिन्याभरात कळलं की अख्ख्या पेठेतल्या लायब्रऱ्यांत कॅसेटी फक्त व्हीएचएसच्या, म्हणजे समोरच्या पार्टीच्या. "इमारतीतली पोरं मला बीटाकाका म्हणायची. पण चित्र आमचं सरस होतं. आजही म्हणेन." मग माझ्याकडे वळून, "तुमचं किती टिकलं?"

"दोन वर्षं."

"दोन कसली! ३१ मार्च २००६ ला जपानात आलं, फेब्रुवारी २००८ ला संपलं. बारशाचे पेढे संपायच्या आत तेराव्याचं जेवण! आमचं बीटा १९७५ चं. यंत्रं २००२ पर्यंत निघाली, कॅसेटी २०१६ पर्यंत. एक्केचाळीस वर्षं! याला हरणं म्हणतात." बोटं मोडत त्यांनी पुढे सांगितलं, "आणि ही तुमची तोशिबा तेव्हा आमच्यात होती बरं का. बीटाची यंत्रं बनवायची. मग निघाली सोनीशी लढायला. ज्या दिवशी सोनीने ब्लू-रे घेऊन तिला लोळवलं, त्या दिवशी मी घरी अर्धा किलो श्रीखंड आणलं."

"तुमच्याकडे ब्लू-रे आहे?"

"छे! तो कशाला?"

एवढा वेळ उभं राहून मलाही काही टोचून बोलावंसं वाटलं. म्हटलं, "आजोबा, सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्या काढणंसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं." त्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या घरच्या माणसाबद्दल काहीतरी बोललो. लगेच पस्तावलो, पण बोलून गेलो होतो.

आणि खरंच सांगतो, यात हसण्यासारखं फार नाही. या एका लग्नाचे मी किती वेळा पैसे मोजले? पहिल्यांदा व्हीएचएस. तिला पावसाळ्यात बुरशी आली, म्हणून व्हीसीडी. ती दोन तबकड्यांची, अंतरपाट दूर होणार तेवढ्यात उठून दुसरी घालायची. मग डीव्हीडी. मंगलाष्टकं तीच, माझ्या मिशाही त्याच, दर वेळी फक्त बिल नवीन. पिक्चरचंही तेच. आता तर तबकडी उरलीच नाही. महिन्याचे पैसे भरायचे, 'नंतर पाहू' म्हणून पिक्चर बाजूला ठेवायचा, आणि नंतर पाहायला जावं तर तो गायब. विचारायचं कोणाला? लायब्ररीवाला निदान "बाहेर गेलाय, सोमवारी या" म्हणायचा. आणि जिथे 'विकत घ्या' लिहिलेलं असतं तिथेही आपण घेतो ती फक्त बघायची परवानगी. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चाळिशीनंतर ते वाचता येत नाही.

"निघाली!" पोरगं ओरडलं. त्याच्या चिमट्यात तुटलेला रबरी पट्टा होता, वाळक्या शेवयांसारखा. "बेल्ट मिळणार नाही काका, याचे पार्ट येतच नाहीत. पण सीडी ओके आहे." त्याने ती शर्टाला पुसून माझ्या हातात दिली. माझंच लग्न, त्याच्या शर्टाला.

"साडेचारशे."

पाचशेची नोट दिली. तेवढ्यात त्यानेच विचारलं, "पण घरी लावणार कशावर?"

लेकीच्या लॅपटॉपला फट नाही. टीव्हीला नाही. गाडीत होती, ती गाडी गेल्या वर्षी विकली. मी काहीच बोललो नाही.

आजोबांनी पिशवीतून कॅसेट काढली. व्हीएचएसपेक्षा लहान, डांबरगोळ्यांचा वास येणारी. लेबलावर शाईने लिहिलेलं, 'थोरल्याची मुंज, ८४'. "माझं यंत्र आलं का रे कुठून?" त्यांनी विचारलं.

"नाही आजोबा. पुढच्या महिन्यात बघू."

हे संभाषण त्या दोघांना पाठ असावं. आजोबांनी कॅसेट परत पिशवीत ठेवली, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकड्यावर माझ्यासाठी जागा केली.

बसलो. सुटे पन्नास रुपये अजून यायचे होते.