हजेरीपुस्तक आणि गुपितं

महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा वाद मी इथून, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून, वाचत आले आहे. 2024 साली सुरू झालेल्या या योजनेत बारावी पास उमेदवाराला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत आधी 6 महिने होती, मग ती 11 झाली. मुलांची मागणी 'कायम करा' आणि सरकारचं उत्तर 'प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे'. विद्यावेतन वेळेत का येत नाही, हजेरी कोण धरणार, यावर भरपूर वाचायला मिळालं. ही मुलं कचेरीत बसून नेमकं कोणतं काम करत होती आणि त्यांच्या हाती काय सोपवलं होतं, हे मात्र शोधूनही फारसं सापडलं नाही.

माझ्या आसपास हाच प्रश्न पहिला येतो, कारण हा भागच तसला आहे. लँग्लीला सीआयए या गुप्तचर संस्थेचं मुख्यालय, मेरीलँडमध्ये फोर्ट मीडला परक्यांचे संदेश टिपणारी एनएसए, स्प्रिंगफील्डला उपग्रहचित्रं वाचणारी एनजीए. मराठी घरांतली कॉलेजातली मुलं उन्हाळी इंटर्नशिप शोधतात तेव्हा बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या यादीत ही नावंही असतात. (फक्त अमेरिकी नागरिकांसाठी, हे आधीच सांगितलेलं बरं. पुण्याहून एमएस करायला आलेल्या मुलाला इथे दार नाही.)

सरकारात शिरायचे रस्ते दोन. पहिला घरबसल्या. परराष्ट्र खात्याने 2009 साली विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन इंटर्नशिप सुरू केली. सप्टेंबर ते मे, आठवड्याला साधारण 10 तास, आपल्या होस्टेलच्या खोलीतून, आणि पगार शून्य, असं तिचं स्वरूप होतं. काम अर्थातच उघड माहितीवरचं. दुसरा रस्ता गुप्तचर संस्थांचा. तिथे पगार मिळतो, पण जावं लागतं. गोपनीय कागद ठरावीक खोल्यांबाहेर जात नाहीत, आत शिरताना फोन आणि स्मार्टवॉचसुद्धा बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं. घरून की कचेरीतून, हे साहेबाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, ते कामाच्या जातीवरून ठरतं. आपल्याकडच्या वादात मला हीच गोष्ट हरवलेली दिसते.

मात्र त्या खोलीपर्यंत पोचायला कधी कधी वर्ष जातं. पॉलिग्राफ, वैद्यकीय तपासणी, आणि त्याआधी गोपनीय कामाच्या मंजुरीसाठीचा एसएफ-86 नावाचा भलामोठा फॉर्म. हा फॉर्म मराठी घरात आला की मजा बघावी. परदेशातले जवळचे नातेवाईक कोण? परदेशात मालमत्ता? परदेशी सरकारशी संबंध? सांगलीची आजी, महावितरणमधून निवृत्त झालेला काका, तिघांच्या नावावरचा कोथरूडचा फ्लॅट, आजोबांनी नातीच्या नावाने काढलेली आणि सगळे विसरून गेलेली मुदत ठेव, सगळं बाहेर येतं. वीस वर्षांची मुलगी आईला विचारते, 'मामाची जन्मतारीख काय?' आणि आई मामाला फोन लावते. मामा विचारतो, कशाला हवी? इथेच पंचाईत होते, कारण अर्ज केल्याचं चारचौघांत बोलू नका असं सीआयए स्वतःच बजावते. आपल्याकडे नातीला प्रवेश मिळाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते!

फॉर्ममध्ये अमली पदार्थांचंही विचारतात, आणि तिथे गांजाचीही अशीच गंमत. मेरीलँडमध्ये 2023 पासून प्रौढांना तो कायद्याने चालतो, संघराज्याच्या कायद्यात चालत नाही, आणि तपासणारा बसलेला असतो संघराज्याच्या बाजूला.

एवढं करून गुपितं सुरक्षित राहतात का? जॅक टेशेरा 21 वर्षांचा होता, मॅसॅच्युसेट्समधल्या हवाई तळावर कामाला. इंटर्न नव्हता, पण वय तेच, आणि गुपितं पाहण्याची सर्वोच्च पातळीची मंजुरी हातात. तो कचेरीतच कामाला जायचा. तरी कागद डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर पोचले, 2023 मध्ये ते उघड झालं आणि पुढच्या वर्षी त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा 'समोर बसवलं की विश्वासार्ह' हे समीकरण इथेही फसलेलं आहे.

भारतात विद्यार्थ्याला या क्षेत्रात डोकावायची सोय जवळपास नाही. देशांतर्गत गुप्तचर संस्था आयबी, तिचं दार परीक्षेचं. 2025 मध्ये सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकाऱ्यांच्या 3,717 जागा निघाल्या तेव्हा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका पुन्हा भरल्या असणार. परदेशातलं काम पाहणाऱ्या 'रॉ'मध्ये पोलीस सेवेतून प्रतिनियुक्तीवर जाणारे असतात. हेमंत करकरे असेच व्हिएन्नाला होते. परराष्ट्र मंत्रालय इंटर्न घेतं, महिना 10,000 रुपये मानधन देतं, पण तो मामला वेगळा. बाकी आपण बहिर्जी नाईकांचं नाव घेतो आणि विषय संपवतो.

माझं मत असं, की गोपनीय कामात विद्यार्थी नकोत, आणि उघड माहितीच्या कामात ते जरूर हवेत, घरून काम करणारे, पैसे देऊन. चिनी वृत्तपत्रं वाचणं, जहाजांच्या हालचालींच्या नोंदी ठेवणं, उपग्रहचित्रांतलं नवं बांधकाम ओळखणं, याला दिल्लीतली खोली लागत नाही. नंदुरबारची मुलगी नंदुरबारला राहून हे करू शकते. फुकट राबवायचं नाही, एवढं मात्र अमेरिकेकडून उलट्या बाजूने शिकावं. पगार नसलेली इंटर्नशिप ज्यांच्या घरून पैसे येतात त्यांनाच परवडते. इथल्या परराष्ट्र खात्यानेही आपल्या कचेऱ्यांतल्या इंटर्नना सरसकट पगार द्यायला 2022 उजाडू दिलं.

आणि कायदा आधी. रॉ आणि आयबी आजही संसदेच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्याखाली नाहीत. मनीष तिवारींनी 2011 मध्ये खासगी विधेयक आणलं, ते तसंच राहिलं. नीट देखरेख नसताना कॉलेजात शिरलेली गुप्तचर यंत्रणा काय करते, हे अमेरिकेने पाहिलं आहे. देशव्यापी विद्यार्थी संघटनेला सीआयए कित्येक वर्षं गुपचूप पैसे पुरवत होती, आणि ते 1967 मध्ये रॅम्पार्ट्स मासिकाने उघड केलं. संघटनेतल्या बहुतेक मुलांना याचा पत्ताच नव्हता. आपल्या विद्यापीठांतलं आजचं वातावरण पाहता पहिली अट मी लेखी मागेन: प्रशिक्षणार्थ्याला त्याच्या वर्गातल्या, वसतिगृहातल्या किंवा मोर्चातल्या कुणाबद्दलही विचारलं जाणार नाही, आणि विचारलंच तर तक्रार कुठे करायची, तो पत्ता नियुक्तिपत्रावर छापलेला असेल.