३८४ मधला मी

परवा एका ऑफिसात टोकन घेऊन बसलो होतो, पुढे बावीस जण, तेवढ्यात टॅबलेट घेऊन एक मुलगी आली. "सर, आरोग्याचा सर्व्हे आहे, फक्त पाच मिनिटं." त्या 'फक्त'वर माझा अजून राग आहे.

शेजारचे काका लगेच सरसावले. "माझा घ्या की!" तिने वय विचारलं. चौसष्ट. "आमच्याकडे अठरा ते साठच आहे काका." झालं, या अपमानाची सगळी वसुली काकांनी माझ्याकडून केली.

"काल रात्री झोप नीट लागली?"

"नाही, पण एक डास होता..."

"डासाचा ऑप्शन नाहीये सर. हो की नाही?"

"अहो एरवी वर्षभर मी मेल्यासारखा झोपतो!"

"एरवीचं नाही विचारायचं. क्रॉस-सेक्शनल आहे, एकदाच भेटायचं, आज जे असेल ते लिहायचं."

"नाही लिहा," काका म्हणाले. "डोळे बघा ना त्यांचे."

"चिडचिड होते? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, सतत?"

"कधीच नाही."

"मघाशी माझी पिशवी लागली तर केवढं रागाने बघितलंत माझ्याकडे!"

"काका, तुम्ही सर्व्हेत नाही आहात."

"म्हणून तर निःपक्षपातीपणे सांगतोय. बरं पोरी, झोप नाही म्हणून हे चिडतात, की चिडके आहेत म्हणून झोप लागत नाही?"

"ते यात नाही कळत काका. दोन्ही एकदमच विचारतो ना, आधी काय झालं कसं सांगणार? किती जणांना आहे तेवढं कळतं."

खरं बोलली बिचारी. पण उद्या कुठेतरी हेडिंग येणारच, 'अपुऱ्या झोपेमुळे वाढतेय चिडचिड', आणि त्या 'मुळे'चा पुरावा कोणी मागणार नाही.

तिला म्हणे ३८४ माणसं हवी होती. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के इकडेतिकडे धरलं की फॉर्म्युल्यातून हाच आकडा पडतो, लोकसंख्या लाख असो की कोटी. पण तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांसाठी हो, बाकड्यावर सापडलेल्यांसाठी नाही! ज्यांचं काम पटकन झालं ते केव्हाच गेले, बाकड्यावर सापडणार आमच्यासारखे रखडलेलेच. आजारांच्या सर्व्हेतही तेच, लवकर बरे झालेले आणि लवकर वर गेलेले दोघंही मोजणीत येत नाहीत, नेमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५५ मध्येच हे दाखवून दिलंय, तरी बाकडी काही सुटत नाहीत.

एकतिसाव्या प्रश्नाला माझं टोकन पुकारलं. "सर, शेवटचे चारच." ते चार होईपर्यंत खिडकीवर दुसराच माणूस, आणि आतून आवाज, नवीन टोकन घ्या.

"तो चिडचिडीचा प्रश्न उघडा आधी!" मी ओरडलो. "सतत लिहा, सतत!"

"सबमिट झालं सर. 'कधीच नाही' गेलंय."

"मी सांगत होतो," काका म्हणाले.