सॅम्पल आणलंय का?

माझ्या टेम्पोचा ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला होता, पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठवड्यावर आले होते आणि सीताफळांचे क्रेट भरून दिवेघाट उतरताना तो आवाज ऐकणे माझ्या प्रकृतीला मानवत नव्हते. म्हणून मी पुण्यातली, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांची नाना पेठ गाठली. एवढी पार्श्वभूमी पुरे.

“2008 चा छोटा हत्ती आहे, पुढचे ब्रेक पॅड द्या,” असे मी काउंटरवर सांगितले. मोबाइलवरची नजर न काढता दुकानदाराने विचारले, “सॅम्पल आणलंय का?”

मी आरसी बुक पुढे केले. माझ्या लग्नाच्या दाखल्यातही नसेल इतका तपशील त्यात आहे. त्याने ते बोटानेच परत सरकवले. “कागदावरची गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी, साहेब. सेकंडहँड घेतलीत ना? मागच्या मालकाने कुठला कॅलिपर चढवलाय, ते लिहिलंय का यात?”

कॅलिपर म्हणजे चाकाच्या चकतीवर पॅड दाबणारा भाग, आणि तो कुठला ते लिहिलेले नव्हते. मात्र सॅम्पल आणायचे तर चाक उतरवून पॅड काढावे लागतात आणि पॅड काढलेली गाडी पुण्याला येऊ शकत नाही, हा विचार त्या पेठेत आजवर कोणाच्या डोक्यात आलेला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सासवडला जॅकवर आणि मी एसटीत, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळेकुट्ट लोखंड घेऊन, असा प्रवास घडला. शेजारच्या बाईंनी दोनदा त्या पुडक्याकडे पाहिले आणि आपली भाजीची पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

दुकानात काउंटरच्या कडेला स्टुलावर एक काका बसले होते. ते मालक नव्हते, नोकर नव्हते आणि स्कूटरचा आरसा घ्यायला आले होते म्हणावे तर आरसा केव्हाच त्यांच्या मांडीवर येऊन पडला होता. मी पुडके सोडताच त्यांनी मला न विचारता एक पॅड उचलला, चष्मा कपाळावर चढवला, पॅड नाकाशी नेऊन डोळे मिटले आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या संथपणे म्हणाले, “जळालाय.”

“झिजलाय,” मी म्हणालो.

“झिजलाय वेगळं, जळालाय वेगळं. घाट कुठल्या गिअरमध्ये उतरता?”

“कधी तिसऱ्या, कधी चौथ्या.”

काकांनी दुकानदाराकडे असे पाहिले, की मी जणू घाट डोळे मिटून उतरतो. “ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नसतो.” एवढ्यात ऑइल फिल्टर मागायला आलेला एक तरुण आणि चहावाला पोऱ्या असे दोघे श्रोते त्यांना मिळाले होते. मग काकांनी दोन्ही पॅड शेजारी शेजारी धरून सगळ्यांना दाखवले. आतल्या बाजूचा पत्र्यापर्यंत गेला होता, बाहेरच्यावर मात्र घासणारा मसाला बराच शिल्लक होता. “कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन जाम आहे तुमची. नवे पॅड टाकाल, तेही असेच एकतर्फी खाल.” त्या ‘खाल’मधला कर्ता मी होतो, गाडी नव्हे.

मी पॅड घ्यायला आलो होतो, चारित्र्याचा दाखला घ्यायला नव्हे, हे मी बोललो नाही. बोलायला हवे होते, असे परतीच्या एसटीत हडपसरपर्यंत वाटत राहिले.

दरम्यान दुकानदाराने तीन डबे मांडले. ‘ओरिजिनल’, ‘ओरिजिनलसारखा’ आणि ‘चालतो’ अशी त्याने त्यांची ओळख करून दिली. भावात दुपटी-तिपटीचे अंतर होते आणि दिसण्यात काहीच नव्हते. डब्यांवर ‘सूटेबल फॉर’ असे छापलेले असते. वधुवर सूचक मंडळाच्या ‘अनुरूप’ या शब्दाइतकीच त्याची खात्री. जुन्या पॅडच्या पाठीवरचा नंबर गंजाने खाल्ला होता, त्यामुळे पाठीला पाठ लावून, कान जुळवून मधला डबा ठरला. चार पॅडचा सेट. मी बिल मागितले, तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. “बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा.” ब्रेकच्या बाबतीत माणूस घासाघीस करायला घाबरतो हे या मंडळींना पक्के ठाऊक असते, आणि बिल नाही म्हणजे माल बसला नाही तर तो आपण विकलाच नव्हता असे म्हणायची सोय आयतीच होते. मी बिल न घेता पैसे दिले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

संध्याकाळी मेकॅनिकने कॅलिपर उघडला, खालची पिन पक्कडीत धरून पिळली, रॉकेल सोडले, हातोडीने ठोकली आणि घाम पुसत म्हणाला, “जाम आहे. नवीन आणा.”

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला पासिंगसाठी दरवर्षी उभे राहावे लागते आणि आता मधे चारच दिवस उरले होते. पिन कशीबशी निघाली. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्यांदा त्याच काउंटरसमोर उभा राहिलो. दुकानदाराने मोबाइलमधून विचारले, “सॅम्पल?”

मी खिशातून पिन काढली. स्टुलावरच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि काही न बोलता तळहात पुढे केला.