फिरंग, गरमी आणि गुप्त

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नाही, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा पुन्हा जुंपली. मामांचं मत ठरलेलं: ‘हे रोग बाहेरचे, त्यांचे धडेही बाहेरच राहू देत.’ इंग्लंडात बसून वाचताना गंमत वाटली. इथं बाहेरची मीच की!

रोग दुसऱ्याच्या नावावर खपवायची खोड जुनी आहे. १४९५ च्या सुमाराला नेपल्सवर चालून गेलेल्या फ्रेंच सैन्यात सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारी ‘गरमी’, हा रोग उसळला. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणाले, फ्रेंच म्हणाले नेपल्सचा, रशियनांनी तो पोलंडच्या माथी मारला. आपले आयुर्वेदाचे ग्रंथकार भावमिश्रही मागे नाहीत. सोळाव्या शतकात त्यांनी ‘भावप्रकाशा’त त्याला ‘फिरंग’ म्हटलं, फिरंग्यांच्या देशातला म्हणून. ‘सिफिलिस’ हे नाव त्या मानानं निरुपद्रवी. वेरोनाच्या फ्राकास्तोरो या वैद्यानं १५३० मध्ये एक लॅटिन काव्य छापलं. त्यात सूर्याचा अपमान करणाऱ्या सिफिलस नावाच्या मेंढपाळाला हा रोग जडतो. अर्थात काव्याच्या शीर्षकात ‘फ्रेंच रोग’ आहेच!

मला मात्र ‘फिरंग’पेक्षा ‘गुप्तरोग’ जास्त खुपतो. परक्यावर ढकललेला रोग निदान उघड बोलता तरी येतो.

इथं मला दिवस गेले तेव्हा पहिल्याच भेटीत सुईणीनं रक्त घेतलं आणि कशाकशाची तपासणी होणार ते वाचून दाखवलं: एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस. ‘साखर’ म्हणावं इतक्या सहज. संध्याकाळी आईचा फोन. ‘सिफिलिस म्हणजे?’ ‘गुप्तरोग’ म्हणवेना, म्हणून म्हटलं, ‘गरमी.’ आई म्हणाली, ‘गरमी? तिकडच्या थंडीत?’ मग समजावलं, तर आवाज एकदम खाली: ‘जावईबापूंना काही...?’ वास्तविक माझ्या बहिणीच्या बाळंतपणाच्या फायलीतही ‘व्हीडीआरएल’ होतं. तीच तपासणी. त्यातला व्ही ‘व्हेनेरिअल’चा, म्हणजे व्हीनस या प्रेमदेवीपासून आलेला. व्हीनस म्हणजे आपला शुक्र, आणि शुक्राचा दुसरा अर्थ मराठीत कुणाला सांगायला नको. पण आद्याक्षरांच्या बुरख्याआडून सगळं चालतं.

इंग्रज काही जन्मजात मोकळे नव्हेत. त्यांच्याही इस्पितळांत या विभागाला वर्षानुवर्षं ‘स्पेशल क्लिनिक’ म्हणत. फरक एवढाच, की १९१६ पासून त्यांनी तपासणी आणि उपचार फुकट केले, आणि गुप्त ठेवलं ते रुग्णाचं नाव. आपण रोगाचंच नाव गुप्त ठेवलं. लाजेनं घरी बसलेल्याला पेनिसिलिन कोण देणार?

हे सगळं गटावर लिहिलं. मामांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, ‘माहिती छान. पण गटावर मुलं आहेत, डिलीट कर.’