आत्या, टाचेखालचे ते ग्लोव्ह आधी काढ

काल रात्री आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आयसीयूतले बेडसोअर टाळायचे उपाय, जे सिस्टर सांगत नाहीत" असा फॉरवर्ड. बेडसोअर म्हणजे पडून पडून दाबाने होणाऱ्या जखमा. काका व्हेंटिलेटरवर आहेत आणि ही तिथे जाऊन ग्लोव्हमध्ये पाणी भरून त्यांच्या टाचेखाली ठेवून पण आली! मी स्वतः आयसीयूत नाइट करते, डोकंच फिरलं.

ग्लोव्ह ठेवला तरी टाच टेकलेलीच ना, दाब तिथल्या तिथेच. अमेरिका, युरोप आणि पॅसिफिक भागातल्या संघटनांनी 2014 मध्ये मिळून गाइडलाइन काढली, त्यात नाव घेऊन लिहिलंय की टाच उचलायला पाण्याचे ग्लोव्ह नकोत, सलाइनच्या पिशव्या नकोत आणि भोकाची रिंग पण नको. रिंगचा काठच रुततो, मधल्या भागाचं रक्त अडतं. टाच अधांतरी पाहिजे, उशी अख्ख्या पोटरीखाली, गुडघा किंचित वाकलेला, बास.

फॉरवर्डमधला दुसरा उपाय, "माकडहाड लाल दिसलं की स्पिरिट-पावडर लावून चोळा". हे आमच्या जुन्या सिस्टरपण करायच्या, त्यामुळे आत्याला काय बोलणार. पण बोटाने दाबून ती लाली जात नसेल तर आत इजा सुरू झालेली असते, त्यावर चोळणं म्हणजे दुखऱ्या जागेवर अजून मार, वर स्पिरिटने कातडी कोरडी पडते ते वेगळंच. आणि आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसतच नाही, हात लावून बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतंय का.

हळद-तूप? आयसीयूत? पुढे.

एअर बेड घेतला की कूस बदलायची गरज नाही, हे साफ खोटं. बदलायचीच, साधारण 30 अंश कलवून, पूर्ण कुशीवर वळवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. किती तासांनी ते पेशंट बघून ठरतं.

"बेडसोअर म्हणजे सिस्टरचा हलगर्जीपणा", बरं, कधीकधी असतो, नाही म्हणत नाही, एका नर्सकडे चार पेशंट दिले की काय होणार. पण बीपी टिकवायला नॉरअॅड्रेनालिन जोरात चालू असतं तेव्हा कातडीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, काही पेशंट तर नुसते कलवले तरी बीपी पडतो, तिथे सगळं करूनही जखम होऊ शकते. आणि मास्कने नाकाच्या हाडावर, श्वासाची नळी बांधायच्या दोरीने ओठाच्या कोपऱ्यात होतात त्या जखमांबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.

आत्या, सकाळी भेटायला जाशील तेव्हा सिस्टरला त्या जखमांबद्दल विचार. ग्लोव्ह मी फोन करून काढायला सांगितलेत.