शाळेजवळची फवारणी: बिल कोणाच्या नावावर?

शाळेजवळ पिकांवर कीटकनाशक औषध मारायला बंदी घाला, असं कोणी लिहिलं की लाइक्सचा पाऊस पडतो. मीही लाइक करतो, माझीही मुलं शाळेत जातात. पण त्याचा खर्च कोण सोसणार, एवढंच विचारलं की लोक आपल्याला औषध कंपनीचा माणूस ठरवतात.

कॅलिफोर्नियात 2018 पासून असा नियम आहे. शाळेपासून पाव मैलात, म्हणजे साधारण 400 मीटरमध्ये, सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते संध्याकाळी 6 वाऱ्यावर उडणारी फवारणी बंद. तिथली शेतं अवाढव्य. आपल्याकडे 400 मीटरचं वर्तुळ म्हणजे 50 हेक्टर! गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एखाद्या प्राथमिक शाळेभोवती काढून बघा. वाड्यावरची घरं, मळे, कुळागरं म्हणजे सुपारीच्या बागा, वर डोंगरावरचे काजू, सगळं आत.

बरं, मारायचं कधी? काजूला मोहोर आला की ढेकण्या ही कीड येते, आणि तेव्हा शाळा ऐन भरात. तो रविवारची वाट बघत बसत नाही. दुपारी शाळा सुटल्यावर मारा म्हणाल, तर तोवर दर्यावरचा वारा उठलेला असतो. थंडीच्या दिवसांत 6 नंतर काळोख. उरली पहाट. तेवढ्या वेळात पाठीवरच्या पंपाने किती झाडं होतात ते स्वतः करून बघा. आणि रविवारी कामेरी, म्हणजे मजूर, मिळत नाहीत, मिळाले तर जास्त मागतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा.

तरीही नियम हवाच. केरळात कासरगोडला सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर 20 वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं, तेही ह्याच ढेकण्यासाठी. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी आणली. 2017 साली त्या औषधाच्या पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला केरळ सरकारला सांगितलं. फवारणी स्वस्त पडते म्हणणाऱ्यांनी हे पैसे कधी धरलेच नव्हते. अपंग मूल जन्मभर सांभाळणाऱ्या आईचे कष्ट तर कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: पाठीवरच्या पंपाने मारायचं असेल तर शाळेपासून 100 मीटर ठेवा. ते तीन हेक्टरांहून थोडं जास्त होतं. तेवढ्यात शाळेच्या वेळेत फवारणी बंद, आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना कळवायचं, आणि जादा मजुरी व बुडालेलं पीक सरकारने भरून द्यायचं. काजूबियांना आधारभूत दर देता येतो, तर हेही जमेल. सगळं त्या बागायतदाराच्याच खिशातून काढलंत, तर तो शाळेच्या कुंपणाला लागून प्लॉट पाडून विकेल. गोव्यात गिऱ्हाइकाला काय तोटा?