पू का धरत नव्हता?

पावसाळा लागला की आमच्या कोल्हापुरात तापाला दोनच नावं: डेंग्यू नाहीतर व्हायरल. प्लेटलेट उतरल्या की घरचे पपईच्या पानांचा रस काढायला बसतात, रिपोर्टवरचे बाकीचे आकडे कुणी वाचत नाही. मी लॅबमध्ये काम करतो, रोज हेच बघतो, म्हणून जरा तिरकसच लिहितोय.

शिरोळकडचे एक काका. रानात उसाचा बुडखा पायात घुसला. पाय सुजून लालभडक, थंडी वाजून ताप. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत नि कातडीखाली पसरलेलं इन्फेक्शन, यात दुमत नव्हतंच. अँटिबायोटिक दिली, बदलली, पुन्हा बदलली. शुगर नॉर्मल. गावातले म्हणाले, "बुडख्याची जखम लई वाईट, वेळ लागतोयच." पण एवढी सूज असून पू धरत नव्हता, हे कुणालाच खटकलं नाही. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. पेशीच नसतील तर पू येणार कुठनं?

माझा राग इथंच आहे. इन्फेक्शन खरं होतं, म्हणूनच पुढं कुणी शोधलं नाही. एवढ्याशा जखमेनं माणूस इतका का आडवा झाला, हे विचारायचं राहून गेलं.

आमच्याकडं रक्त आलं तेव्हा हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही खाली. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, पण हिमोग्लोबिन सहसा नाही, उलट रक्त घट्ट होतं. मशिननं मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरपूर दाखवले. स्लाइड बघितली तर मोनोसाइट औषधालाही नाही! मशिन ज्यांना मोनोसाइट समजलं, त्या पेशींच्या कडेला कणसाच्या कुसळासारखे बारीक तंतू. प्लीहा (स्प्लीन) वाढून डाव्या बरगडीखाली चांगलीच हाताला लागत होती, तिचा दाब जठरावर. दोन घासांत पोट भरतंय म्हणून काका कधीपासून सांगत होते, घरच्यांनी ॲसिडिटीवर ढकललं.

हेअरी सेल ल्युकेमिया, म्हणजे या केसाळ पेशींचा रक्ताचा कॅन्सर. सगळ्या ल्युकेमियांत याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास, बायकांपेक्षा पुरुषांत चौपट. अस्थिमज्जा (हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं) ओढायला गेले तर सिरिंज कोरडीच. मज्जेत तंतूंचं जाळं झालेलं असतं, म्हणून हाडाचा बारीक तुकडा काढावा लागला. पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तपासणीत सीडी १०३ आणि सीडी २५ या या आजाराच्या खुणा पॉझिटिव्ह आल्या, शंका मिटली.

पण औषध लगेच देता येईना. क्लॅड्रिबिन या केमोच्या औषधाचा एक कोर्स बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं पुरतो, मात्र सुरुवातीला उरल्यासुरल्या पांढऱ्या पेशीही तोच पाडतो. पायात जंतू असताना तो देणं म्हणजे जिवाशी खेळ. या आजारात माणूस दगावतो तो बऱ्याचदा इन्फेक्शननंच. जंतू अजिबात आवरेनात तर वेमुराफेनिबच्या गोळ्यांचा पर्याय आता आहे, कारण जवळपास सगळ्या रुग्णांत बीआरएएफ जनुकातला एकच बदल असतो, हे २०११ मध्ये कळलं, आणि ही गोळी नेमकी त्यावरच काम करते. काकांवर ती वेळ आली नाही. कल्चर (कुठला जंतू, कुठल्या औषधाला दाद देतो याची तपासणी) बघून शिरेतून औषधं दिली, पाय उतरला, मग क्लॅड्रिबिन.

फाईलीत एका शिबिरातला जुना रिपोर्टही निघाला. तेव्हाही तिन्ही आकडे कमी. शेरा "अशक्तपणा", उपाय लोहाच्या गोळ्या.

ओपीडीतली गर्दी मलाही दिसते. प्रत्येक तापात कॅन्सर शोधा असं मी म्हणत नाही. पण तिन्ही आकडे खाली आणि ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना पेरिफेरल स्मिअरबद्दल, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याबद्दल विचारा. साधी, स्वस्त तपासणी आहे.

काका सध्या आडसालीच्या लागणीत गुंतलेत. गमबूट घालायला अजून तयार नाहीत, त्यावरनं काकूंचं आणि त्यांचं रोज वाजतं.